सहा दिवसांचं निंदण

“माठ नाही थो, भाऊ. कुंजरू हाय.”

मी लोखंडी चौकटीवर वाकून बसलो होतो. मीटरभर लांब, मीटरभर रुंद अशी ती चौकट सोयाबीनच्या वाफ्यात टाकायची आणि तिच्या आत जेवढं तण उगवलं असेल तेवढं जातवार मोजून वहीत उतरवायचं, हे माझं काम. पेरणीला बारा दिवस झाले होते. तण नुकतंच वर आलेलं. दोन-दोन पानांची, नखाएवढी रोपं, सगळी एकासारखी एक. मी मोठ्यानं “माठ, सात” म्हणालो आणि सोयाबीनच्या शेजारच्या तासात निंदत बसलेल्या बाईनं मला अडवलं.

“कुंजरू कशावरून?” मी विचारलं. आवाजात जरा तोरा होता. बी.एस्सी. ॲग्री पहिल्या वर्गात झालो होतो आणि एम.एस्सी.ला माझा विषयच तणनियंत्रण होता.

ती उठून आली. चौकटीतलं एक रोप तिनं दोन नखांत धरून उपटलं आणि माझ्या तळहातावर पालथं ठेवलं.

“माठ असता तं पानाचं बूड लाल दिसलं असतं. दिसते का?”

दिसत नव्हतं.

“मोठं झाल्यावर कोनीबी ओयखते. दोन पानांवर हाय तवाच ओयखाले पाह्यजे. तवा उपटाले काही जोर लागत नाही.”

ती परत आपल्या तासात जाऊन बसली. मी वहीतला माठ खोडला. मग मागच्या दोन दिवसांत लिहिलेले सगळे माठ आठवले. दुपारच्या सुट्टीत, बायका भाकरी सोडून बसल्या असताना, मी वही घेऊन तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, “बाई, मला जरा सगळे वाफे एकदा फिरवून दाखवता का?”

पंचफुला इंगळे तिचं नाव. १९९६च्या खरिपातली ही गोष्ट. आमच्या कॉलेजच्या फार्मवर नऊ बायका रोजंदारीवर निंदणाला होत्या, त्यांत ती सगळ्यांत जुनी. चाळिशीची असेल. लग्न होऊन फार्मच्या तारेपलीकडच्या वस्तीत आली तेव्हापासून या मातीत बसत होती. उंच, कोरडी, बोलायला कमी. तिच्या हातातलं खुरपं मात्र बघत राहावं असं चालायचं. सोयाबीनच्या बुडाला चिकटून उगवलेलं तण ती असं काढायची की पिकाचं पान हलायचं नाही.

प्रयोग डॉ. कोरान्ने सरांचा होता. ते माझे गाईड. सत्तावीस वाफे होते. काहींत तण मुद्दाम वाढू द्यायचं, काहींत बायकांनी निंदायचं, काहींत बैलांचा डवरा फिरवायचा, काहींत वेगवेगळी तणनाशकं मारायची आणि शेवटी कुठं किती पीक आलं ते तोलायचं. खरा जीव होता तो एका कंपनीच्या नव्या औषधात. त्याला अजून नाव नव्हतं, बाटलीवर नुसता आकडा होता. त्यासाठी वाफ्यांच्या शेजारी एक एकराचा सलग तुकडा वेगळा राखला होता, पाहुण्यांना दाखवायला. हे सगळं नाल्यापलीकडच्या ब्लॉकमध्ये होतं. फार्मचं ऑफिस, गोठे, गोदाम अलीकडे.

त्या महिन्यात मी पुस्तकं कमी उघडली. पंचफुलाबाईच्या मागं मागं फिरलो. पुस्तकात तणाचे प्रकार एकवर्षायू, द्विवर्षायू, बहुवर्षायू असे लिहिलेले असतात. तिची वाटणी निराळी होती. “एक पाहुने,” ती सांगायची, “पावसासंगं येते, बी सांडते, निंगून जाते. याहिले फुलाच्या आंदी काढलं का झालं. दुसरे घरजावई. हरयाली, लव्हाळा. वरून कितीबी कापा, खाली गाठी घालून बसले हायेत. आन् तिसरे चोर. अमरवेल पाहा, तिले मूळच नाही. दुसऱ्याच्या अंगावरच जगते.”

केन्याचं तर तिनं मला अंगठ्यानं माती उकरून दाखवलं. निळ्या फुलाचं ते तण वर बी धरतंच, पण जमिनीच्या आतही धरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी तेव्हा पाहिलं. “याले उपटून तासात नाही टाकाचं,” ती म्हणाली. “ओल भेटली का एकेका पेरातून पुन्हा मूळ सोडते. टोपल्यात भरून बाहेर न्यायचं.”

मी लिहून घ्यायचो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, ज्याचं पुढं फार कौतुक झालं, ते असं तयार झालं. तिचं नाव त्यात कुठं नाही. तेव्हा ते घालायचं असतं असं मला सुचलंही नाही.

विसाव्या दिवशी नवं औषध मारलं. फवारणारा गडी पाठीवरचा पंप उतरवून हात धूत होता तोच आभाळ भरून आलं आणि अर्ध्या तासात पाऊस कोसळला. दोन दिवस त्यानं खळ खाल्ला नाही. चौथ्या दिवशी मी एकराच्या तुकड्यात गेलो. गवतवर्गी तण पिवळं पडलं होतं. कुंजरू वाळायला लागला होता. पण केना हिरवागार होता. लव्हाळ्याच्या शेंड्यांना चटका बसला होता, इतकंच. आठव्या दिवशी केना सोयाबीनच्या खांद्याला लागला.

कोरान्ने सर आले. धोतराचे सोगे धरावेत तशी पॅन्टची टोकं धरून बांधावरून चालत आले, तुकड्याच्या कडेला उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा स्वतःचा डबा त्यांनी पंधरा दिवस तिकडे पाठवला होता.

“पावसानं घात केला,” ते म्हणाले.

“सर, तसं नोंदवू या ना. फवारणीनंतर लगेच पाऊस. पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ.”

“पुढच्या वर्षी प्रकल्प नाही, रमाकांत. या वर्षीच्या निकालावर तो वाढणार आहे. प्रकल्प नाही तर तुझी फेलोशिप नाही. प्रबंधही लांबला.” त्यांनी केन्याचा एक शेंडा खुडला. “औषध चांगलं आहे. मी दुसरीकडचे आकडे पाहिलेत. एका पावसामुळं त्याच्यावर ठपका बसावा हे बरोबर आहे का?”

मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचं होतं.

“तीनच बायका घे,” सर म्हणाले. “हात चांगला असलेल्या. मागं मूळ राहायला नको, कापल्याची खूण दिसायला नको, पायाचे ठसे नकोत. आणि तोंडाच्या पक्क्या.”

“मस्टरवर काय लिहायचं?”

“मस्टरवर कामाची जागा लिहावी लागते. नव्या औषधाच्या तुकड्यात निंदणी झाली असं कागदावर आलं की प्रयोग तिथंच संपला. दुसऱ्या जागेवर दाखवल्या तर तिथं त्या दिसायला हव्यात. त्या दिवसांत तिघी आल्याच नाहीत असं लागू दे. त्यांची मजुरी मी माझ्याकडून देतो.”

कोण घ्यायच्या याचा मला विचार करावा लागला नाही. पंचफुलाबाई. तिच्या जोडीची गोकर्णा तायडे, जी निंदताना तासातला एक दगडसुद्धा जागचा हलवायची नाही. आणि कौतिका, नऊ जणींत सगळ्यांत तरुण, पण पंचफुलाबाईच्या हाताखाली तयार झालेली. बाकीच्या साध्या होत्या. बेबी म्हणून एक होती, ती तर तणाची नुसती मुंडी खुडायची आणि मूळ जमिनीत ठेवायची. तिच्यावर रोज कुणीतरी ओरडायचं.

मी संध्याकाळी वस्तीत गेलो. पंचफुलाबाई दारात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

सूप खाली ठेवून तिनं विचारलं, “म्हंजे औषधानं मेलं म्हनाचं, आन् काढाचं आमी?”

“या वर्षीपुरतं. पावसामुळं झालंय.”

“हजेरी नाही लागन मंग.”

“नाही लागणार. पण मजुरी मिळेल. चारच दिवसांचं काम आहे.”

तिनं वळून घरात पाहिलं. आत तिची मुलगी अभ्यास करत होती, तिचा पाठ केल्याचा आवाज येत होता.

“हे काम तुमचं हाय का सायबाचं?”

“माझंच म्हणा. माझी परीक्षा आहे यावर.”

“मंग येऊ आमी,” ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

चार दिवस त्या तिघी नाल्यापलीकडं बसल्या. मुख्य रस्त्यानं न येता वस्तीच्या बाजूनं, तारेखालून यायच्या. मी त्यांच्यासोबत होतो. केना टोपल्यांत भरून नाल्याच्या काठी नेऊन ढीग घालायचो, मी स्वतः टोपल्या उचलल्या. लव्हाळ्याच्या गाठी त्यांनी एकेक करून खणून काढल्या आणि माती परत अशी बसवली की वरून पाऊस पडून गेल्यासारखी दिसावी. एरवी गाणारी कौतिका त्या चार दिवसांत गायली नाही. पाहुण्यांच्या भेटीआधी पुन्हा दोन दिवस लागले, नव्यानं उगवलेलं काढायला. एकूण सहा.

ऑगस्टच्या शेवटी प्रकल्प तपासणारी समिती आली. चार गाड्या, टोप्या, कंपनीचे दोन साहेब, एक फोटोग्राफर. शेजारचा न फवारलेला वाफा तणानं कमरेएवढा माजलेला आणि हा एकराचा तुकडा आरशासारखा. एक जाड भिंगाचे शास्त्रज्ञ पिकाच्या दोन ओळींमध्ये वाकून, माती चाचपून उठले आणि म्हणाले, “कमाल आहे. एकही बाई न लावता!”

सर हसले. मीही हसलो. आमच्या मागं, बांधावर, निंदणाऱ्या बायका खुरपी घेऊन उभ्या होत्या. पाहुणे जाईपर्यंत काम थांबवा असं त्यांना सांगितलं होतं. पंचफुलाबाईनं ते वाक्य ऐकलं. मी वळून पाहिलं तेव्हा ती पदरानं तोंड पुसत होती. गोकर्णाला हसू आवरत नव्हतं. त्यांना ती गंमत वाटली होती. एवढा मोठा माणूस, आणि फसला. मलाही त्या क्षणी ती गंमतच वाटली, हे मी आज कबूल करतो.

पुढचं सगळं सुरळीत झालं. शिफारस झाली. विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापून आली: सोयाबीनमध्ये अमुक औषध, अमुक प्रमाण, पेरणीनंतर विसाव्या दिवशी, निंदणीची गरज नाही. माझा प्रबंध गाजला. त्याच फार्मवर मला कनिष्ठ संशोधन सहायकाची नोकरी लागली, लग्न झालं, क्वार्टर मिळालं.

आणि त्याच पुस्तिकेच्या आधारानं फार्मवरचं निंदण बंद व्हायला लागलं. आमचीच शिफारस आम्ही पाळायची नाही तर कुणी? पुढच्या वर्षी नऊ बायकांना वर्षाकाठी शंभर दिवस काम निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी साठ. १९९९ला तर सुगीपुरत्या बोलावल्या. मी तेव्हा फार्मवरच होतो. त्या गेटवर येऊन बसायच्या, दहा वाजेपर्यंत वाट बघायच्या आणि उठून जायच्या. मी सायकलवरून आत जाताना पंचफुलाबाई म्हणायची, “काय भाऊ, बरं हाय?” मी बरं आहे म्हणायचो.

मग एक कामगार संघटना मध्ये पडली. फार्मवर सलग पाच वर्षं, वर्षाला किमान दोनशे चाळीस दिवस, ज्यांनी काम केलं त्यांना कायम करा, अशी केस त्यांनी नऊही जणींच्या वतीनं कामगार न्यायालयात घातली. पाच वर्षं कोणती, तर ब्याण्णव ते शहाण्णव. त्याच्यानंतर तर कुणाचेच दिवस भरत नव्हते.

२००१च्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी पंचफुलाबाई आणि गोकर्णा माझ्या क्वार्टरवर आल्या. त्यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. दारात चपला काढून, खाली सतरंजीवर बसल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. बायकोनं चहा दिला. पंचफुलाबाईनं आधी माझ्या मुलीला जवळ घेतलं, तिचं नाव विचारलं. तिची स्वतःची मुलगी नर्सिंगला आहे, शेवटचं वर्ष आहे, असं सांगितलं. मग पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला.

“वकिलानं दिला. तुमी वाचा.”

कॉलेजनं कोर्टाला दिलेला हजेरीचा तक्ता होता. नऊ नावं, पाच वर्षं. पहिल्या चार वर्षांत सगळ्या दोनशे चाळिसाच्या वर होत्या. शहाण्णव सालाच्या रकान्यात सहा बायकांपुढं दोनशे एक्केचाळीस लिहिलं होतं. त्या वर्षी काम बेताचंच निघालं होतं, सगळ्यांना सारखंच. उरलेल्या तिघींपुढं दोनशे पस्तीस.

मी दोनदा वाचलं.

“आमी तिघी कमी पडलो,” गोकर्णा म्हणाली. “सहाच दिवस.”

“तुमी एवढंच सांगा,” पंचफुलाबाई म्हणाली. “का त्या सहा दिवशी या आल्या होत्या. दिवसभर होत्या. वकील म्हनते, फार्मच्या मानसानं सांगितलं तं कोर्ट ऐकन.”

मी म्हणालो, “पाहतो.”

“पाहू नका, भाऊ. सांगा.”

“सांगीन,” मी म्हणालो. ती उठली. जाताना तिनं कप आत नेऊन विसळून ठेवले. बायको नको नको म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी कोरान्ने सरांकडे गेलो. ते आता विभागप्रमुख होते. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

“जरूर सांग,” ते शांतपणे म्हणाले. “मी तुला अडवणार नाही. खरं आहे ते. फक्त वकील पुढचा प्रश्न विचारील की त्या कुठं काम करत होत्या. मग तू म्हणशील, नव्या औषधाच्या तुकड्यात. काय करत होत्या? निंदत होत्या. मग शिफारस गेली. ती गेली तर तुझा प्रबंध काय राहिला? पदवी काय राहिली?” त्यांनी टेबलावरची पुस्तिका उगाच सरळ केली. “माझी चार वर्षं उरलीत. मला काय. तुझी सहायक प्राध्यापकाची मुलाखत मे महिन्यात आहे.”

“सर, त्यांचं आयुष्य आहे.”

“मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, तू ठरव.”

त्यांनी धमकी दिली असती तर मला फार सोपं झालं असतं. पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना सांगताना ती धमकीसारखीच सांगत आलो. पण ती धमकी नव्हती. ते मला शब्दशः म्हणाले, तू ठरव.

साक्ष मार्चमध्ये होती. कोर्टाचा हॉल लहान, पंखा गरम हवा फिरवत होता. नऊ बायका भिंतीलगतच्या बाकावर धुतलेली लुगडी नेसून बसल्या होत्या. पंचफुलाबाई कडेला होती. मी पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा तिनं मान हलवून मला धीर दिला. मला, म्हणजे साक्षीदाराला, कोर्टात भीती वाटत असेल असं तिला वाटलं असावं.

संघटनेचे वकील टाले तरुण होते, तयारीनं आले होते.

“गावंडे साहेब, शहाण्णवच्या खरिपात सोयाबीनच्या प्रयोगाच्या नोंदी तुम्ही ठेवत होता?”

“हो.”

“पंचफुला इंगळे, गोकर्णा तायडे, कौतिका सावदेकर या तिघी जुलै आणि ऑगस्ट मिळून सहा दिवस त्या ब्लॉकमध्ये कामाला होत्या?”

“माझ्या वहीत तशी नोंद नाही.”

“वही बाजूला ठेवा. तुम्ही तिथं होता ना?”

“मी रोजच होतो.”

“मग डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगा. त्या होत्या की नव्हत्या?”

मी घरून निघताना ठरवून निघालो नव्हतो. हे कुणाला पटणार नाही, पण खरं आहे. पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत मला वाटत होतं, मी सांगणार. तोंड उघडलं तेव्हाही वाटत होतं.

“पाच वर्षं झाली,” मी म्हणालो. “मला आठवत नाही.”

टालेंनी आणखी दोन-तीन प्रकारे विचारलं. मी तेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं, तिसऱ्यांदा त्याहून सोपं. बाकावरून कौतिका एकदम उठून म्हणाली, “भाऊ, टोपले तं तुमीच उचलत होते!” न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं. पंचफुलाबाईनं तिचा हात धरून तिला बसवलं. त्यानंतर मी त्या बाकाकडे पाहिलं नाही.

निकाल मेमध्ये लागला. माझ्या मुलाखतीनंतर बारा दिवसांनी. सहा बायका कायम झाल्या. तिघींचे दिवस भरत नसल्यामुळं त्यांचा अर्ज फेटाळला.

बेबी दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आली. ती आता कायम झाली होती. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवावा की नाही हे तिला कळत नव्हतं. “तुमीबी साक्षीले आलते, भाऊ,” ती म्हणाली. “घ्या.” तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मी पेढा घेतला. ती उभी होती म्हणून तिच्यासमोर खाल्ला.

पंचफुलाबाई त्यानंतर चार दिवसांनी आली, गोदामात फार्मची खुरपी जमा करायला. तिघींचीही तिनंच आणली होती. गोदामाचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून पावती करायला मला बोलावलं. मी तीन खुरपी मोजून घेतली. पाती घासून पातळ झाली होती, मुठी गुळगुळीत. मी पावतीवर सही केली. तिनं अंगठा लावला नाही, नाव लिहिलं; मुलीनं शिकवलं असावं.

“आता कुठं जाता कामाला?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“कोनी बोलावलं तिथं. आता सारेच फवारा मारते. बोलावत नाही जास्त कोनी.”

ती गेली नाही. पावती हातात धरून उभी राहिली.

“भाऊ, एक इचारू? कोर्टातलं नाही. थे झालं. तुमालेबी लेकरू हाय.” ती म्हणाली. “आमी नऊ जनी होतो. त्या कामाले तुमी आमाले तिघींलेच काहून नेलं?”

मी खोटं बोलू शकलो असतो. सवय झाली होती. पण ती इतक्या साधेपणानं विचारत होती की माझ्या तोंडून खरंच निघालं.

“तुमचं निंदण सगळ्यांत चांगलं होतं म्हणून.”

तिनं ऐकून घेतलं. मनातल्या मनात काहीतरी ताडून पाहावं तसं तिचं झालं. बेबी गोदामाच्या दारातून, नव्या ओळखपत्राला लावलेली पट्टी गळ्यात घालून, गोठ्याकडे निघाली होती. पंचफुलाबाई तिच्याकडे पाहत म्हणाली,

“म्हंजे खराब निंदलं असतं तं कायम झालो असतो.”

ती चिडून नव्हती बोलत. हिशेब बरोबर लागला की नाही एवढंच विचारत होती. मी तिन्ही खुरपी उचलून फळीवर ठेवली. तिनं पावतीची घडी केली, पदराच्या गाठीत बांधली आणि गेटकडे चालू लागली. गेटवरच्या गड्यानं तिला काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं, दोघं हसलेसुद्धा. मग ती रस्त्याला लागली.

जूनमध्ये माझी ऑर्डर आली. सहायक प्राध्यापक. शिकवायला विषय मिळाला, तणनियंत्रण. अठरा वर्षं शिकवला.